‘मणक्यात गॅप आहे’ : दुखऱ्या कमरेचा भाषिक इतिहास

मराठीत निश्चय करणारा माणूस कंबर कसतो, काम अंगावर घेणारा कंबर बांधतो आणि संकटात सापडलेल्याची कंबर खचते. दुष्काळाने शेतकऱ्याचे कंबरडे मोडते, महागाईने नोकरदाराचे. स्वाभिमानी माणसाचा कणा ताठ असतो, लाचाराला तो नसतोच. कुसुमाग्रजांच्या ‘कणा’ या कवितेने तर हे रूपक महाराष्ट्राच्या शालेय स्मृतीत कायमचे रुजवले. या सर्व प्रयोगांमागे एकच प्रतिमा उभी आहे. कंबर ही घराच्या तुळईसारखी. ती टिकली तर माणूस उभा, मोडली तर आडवा. मोडणे आणि न मोडणे यांच्या मधली तिसरी अवस्था आपल्या वाक्प्रचारांना ठाऊक नाही. कंबर दुखते, वर्षानुवर्षे दुखते आणि तरीही मोडलेली नसते, अशा अवस्थेला भाषेने जागाच ठेवलेली नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय ही बेदखल अवस्था आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या कंबरदुखीला वैद्यक दीर्घकालीन म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगातील ६१ कोटी ९० लाख माणसे कंबरदुखीने ग्रस्त होती. त्यांतील सुमारे ९० टक्के दुखण्यांमागे बोट ठेवून दाखवता येईल असे एखादे निश्चित शारीर कारण सापडत नाही. शस्त्रक्रियेने ज्यांचे खरोखर भले होते असे रुग्ण थोडेच. उरलेल्यांनी शस्त्राविना या दुखण्याशी कसा संसार करावा, हा प्रश्न पुरातन आहे. त्याची उत्तरे कालक्रमाने वाचू लागलो की एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. उपचार बदलण्याआधी पुष्कळदा दुखण्याचे रूपक बदललेले असते. एका चुकीच्या रूपकाने जवळजवळ शंभर वर्षे माणसांना अंथरुणाला खिळवून ठेवले, आणि ते रूपक अद्याप पुरते मेलेले नाही.

या दुखण्याचा सर्वांत जुना लेखी पुरावा एका अपूर्ण वाक्यात आहे. इ.स. १८६२ मध्ये लुक्सोर येथे एडविन स्मिथ या अमेरिकनाने एक इजिप्शियन पपायरस विकत घेतला. ही प्रत इ.स.पूर्व १६००च्या सुमाराची मानतात. मूळ मजकूर त्याहूनही जुना असावा. जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांनी १९३० मध्ये तो भाषांतरासह प्रसिद्ध केला. त्यात डोक्यापासून खाली उतरत जाणाऱ्या ४८ रुग्णांच्या नोंदी आहेत आणि शेवटची नोंद पाठीच्या मणक्यातील लचकेची आहे. वैद्याने रुग्णाला पाय लांब करायला आणि आखडायला सांगावे, वेदनेमुळे तो ते लगेच आखडून घेईल, असे ग्रंथकार सांगतो. या ग्रंथात प्रत्येक रुग्णाविषयी तीनांपैकी एक निर्णय दिलेला असतो: हा बरा करता येईल, याच्याशी झगडावे लागेल, किंवा यावर उपचार नाही. लचकेचा रुग्ण पहिल्या वर्गात पडतो. त्याला उताणे निजवावे, इथवर मजकूर येतो, आणि त्याच्यासाठी पुढे काय करावे हे सांगण्यापूर्वीच लेखनिकाचा बोरू थांबतो. उरलेला कागद कोरा आहे. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हळहळ वाटावी असेच हे स्थळ. पण त्या पहिल्या निर्णयातला आत्मविश्वास मात्र विसरू नये.

आपल्याकडे चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, वातव्याधींच्या अध्यायात ‘गृध्रसी’ येते. ढुंगणापासून आरंभ होऊन कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी असे करत पावलापर्यंत क्रमाने उतरणारी ही व्यथा आजच्या सायटिकेशी ताडून पाहिली जाते. गृध्र म्हणजे गिधाड. या दुखण्यात माणसाची चाल त्या पक्ष्यासारखी होते, अशी नावाची उपपत्ती सांगतात. स्नेहन, स्वेदन आणि बस्ती यांच्या जोडीला शिरावेध आणि अग्निकर्मही सांगितले आहे. म्हणजे सगळेच काही सौम्य नव्हते. तरीही येथे व्यथेचे वर्णन वायूच्या, म्हणजे गतीच्या भाषेत आहे. वायू कुपित होतो, तसा तो शांतही करता येतो. काही तुटले, झिजले, जागचे हलले असा ग्रह त्या भाषेतून सहसा होत नाही.

लोकव्यवहाराची मराठीही याच वळणाची आहे. उसण भरते, लचक भरते, चमक निघते, कळ येते, कंबर धरते, पाठ अवघडते, रग लागते. या क्रियापदांकडे थोडे थांबून पाहावे. जे भरते ते उतरते. जे धरते ते सोडते. जे येते ते जाते. ही पाहुण्यांची क्रियापदे आहेत, घरात कायमच्या शिरलेल्या वाळवीची नव्हेत. उसण भरलेल्या माणसाच्या पाठीला पायाळूने, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याने, पाय लावला की उसण उतरते, ही समजूत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. तिच्यावर हसण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे की, अचानक उद्भवलेली बहुतेक कंबरदुखी काही दिवसांत वा आठवड्यांत आपोआप उताराला लागते. पायाळूच्या पदरात पडणारे यश निसर्गाचे असते; पण ‘हे उतरणारे आहे’ हा निरोप तो अचूक पोहोचवत असतो. बाळंतिणीच्या कमरेसाठी तेल, शेकशेगडी आणि डिंकाचे लाडू यांची जी व्यवस्था होती तिचाही अर्थ असाच काहीसा होता: कंबर नाजूक झाली आहे, ती पुन्हा भक्कम होणार आहे.

युरोपात या दुखण्याला शरीररचनेचा पत्ता मिळाला तो अठराव्या शतकात. नेपल्सच्या डोमेनिको कोतुन्यो यांनी १७६४ मध्ये सायटिकेवर स्वतंत्र ग्रंथ लिहून खुब्याच्या सांध्याचे दुखणे आणि मज्जातंतूचे दुखणे वेगळे केले. पुढे पाय सरळ ठेवून उचलला असता कळ येते का, ही आजही वापरली जाणारी तपासणी फ्रान्सच्या लासेग यांच्या नावाने रूढ झाली. पण तिचे वर्णन १८८०मध्ये सर्बियातील लाझा लाझारेविच यांनीही केले होते. हे लाझारेविच सर्बियन मानसशास्त्रीय कथेचे एक प्रवर्तक म्हणून अधिक ओळखले जातात. एकच माणूस दिवसा रुग्णाचा ताठ पाय उचलून कळ कुठवर जाते ते पाहतो आणि रात्री कथेतल्या पात्राच्या मनातली कळ कुठवर जाते ते पाहतो, ही जोडी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी अधिक गांभीर्याने घ्यायला हवी होती असे मला वाटते.

रूपकाला खरे वळण मिळाले ते आगगाडीमुळे. लंडनचे शल्यविशारद जॉन एरिक एरिकसन यांनी १८६६ मध्ये रेल्वे अपघातांतून उद्भवणाऱ्या मज्जासंस्थेच्या इजांवर व्याख्याने प्रसिद्ध केली आणि ‘रेल्वे-स्पाइन’ हा शब्दप्रयोग सर्वतोमुखी झाला. गाडीच्या धक्क्याने कण्याच्या आत न दिसणारी इजा होते आणि ती महिनोन्‌महिने, क्वचित जन्मभर, माणसाला अपंग करते, असे त्यांचे प्रतिपादन. त्याआधी एकच वर्ष, ९ जून १८६५ रोजी, स्टेपलहर्स्टच्या अपघातातून चार्ल्स डिकन्स सहीसलामत बाहेर पडले होते. पण त्यानंतर गाडीचा प्रवास त्यांना कायमचा धसका देणारा ठरला. बरोबर पाच वर्षांनी, ९ जून १८७० रोजी, ते वारले. त्यांच्या त्या धसक्याला आज आपण कण्याचा विकार म्हणणार नाही. तत्कालीन न्यायालयांपुढे मात्र नुकसानभरपाईचे दावे उभे राहत होते आणि दाव्याला इजा लागते, इजेला जागा लागते. ती जागा कणा झाला. रेल्वे कंपनीकडून हर्बर्ट पेज या शल्यविशारदाने १८८३ मध्ये उलट ग्रंथ लिहिला: कणा शाबूत आहे, घाबरले आहे ते मन. दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य होती, ती अशी की वेदना एक तर हाडात असली पाहिजे, नाही तर ती खरी नाही. आज एखाद्याचा एक्स-रे ‘नॉर्मल’ आला आणि घरच्यांच्या नजरा बदलल्या, तर त्या नजरांचा उगम व्हिक्टोरियन न्यायालयात शोधता येतो.

ग्लासगोचे अस्थिशल्यविशारद गॉर्डन वॉडेल यांनी डेव्हिड अ‍ॅलन यांच्यासह १९८९ मध्ये कंबरदुखीचा एक ऐतिहासिक आढावा घेतला. कंबरदुखी मानवाइतकीच जुनी आहे, पण तिच्यामुळे येणारे दीर्घ अपंगत्व अलीकडचे आहे, असे त्याचे सार. एकदा दुखणे म्हणजे इजा ठरली की उपचार म्हणजे विश्रांती, हे ओघानेच आले. जॉन हिल्टन यांच्या १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी विश्रांतीला शास्त्राची प्रतिष्ठा दिली होती. मोडलेले हाड आणि क्षयाने पोखरलेला सांधा विश्रांतीने बरा होत असे, यात शंका नाही. तोच न्याय दुखऱ्या कमरेला लावण्यात आला. पुढच्या काळात फळीवर निजणे, पायांना वजने लावणे, कमरेला पट्टा आवळणे, आठवडेच्या आठवडे उठू न देणे हे उपचार इतके सर्वमान्य झाले की त्यांचा पुरावा मागावा असे कोणाला सुचले नाही. पहाटे लावणीला किंवा तोडणीला जाणाऱ्याला हा उपचार कधीच परवडणारा नव्हता. तो सवड असलेल्यांचा उपचार होता, आणि म्हणूनच कदाचित तो प्रतिष्ठित झाला.

१९३४ मध्ये बोस्टनच्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी मणक्यांमधली चकती फाटून मज्जातंतूवर दाब देते आणि तो भाग काढून टाकता येतो, हे दाखवून दिले. शोध खरा आणि महत्त्वाचा होता. ज्यांच्या पायात कळ उतरते अशा निवडक रुग्णांना त्याने दिलासा दिला. पण त्याच्या मागोमाग एक शब्द घराघरांत शिरला: ‘स्लिप्ड डिस्क’. चकती कधीच ‘सरकत’ नाही. ती वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट जखडलेली असते; तिचा गाभा बाहेर फुगतो वा फुटतो, आणि असा बाहेर आलेला भाग पुष्कळदा शरीर स्वतःच शोषून घेते. परंतु ‘सरकणे’ या क्रियापदाने चित्र असे उभे केले की जणू कपाटातल्या बशीप्रमाणे ती केव्हाही घसरेल. मराठीने हा वारसा उत्साहाने उचलला. गादी सरकली, नस दबली, मणका झिजला, आणि सर्वांत लोकप्रिय म्हणजे ‘मणक्यात गॅप आहे’. या शेवटच्या शब्दाची गंमत अशी की मणक्यांमध्ये अंतर असणे हीच निरोगी स्थिती आहे. वयाबरोबर कमी होते ते अंतर. जे असायला हवे त्यालाच आपण रोगाचे नाव दिले. ‘उसण उतरली’ म्हणणारी आजी आणि ‘माझ्या एल-फोर एल-फाइव्हमध्ये गॅप आहे’ म्हणणारा नातू यांच्या कमरा फारशा वेगळ्या नसतील. पण आजीचे वाक्य भूतकाळात संपते, नातवाचे वर्तमानकाळात कायम राहते.

या रूपकाखाली विसाव्या शतकातली बहुधा सर्वांत प्रसिद्ध कंबर भरडली गेली, ती जॉन एफ. केनेडी यांची. तारुण्यापासून दुखरी असलेली त्यांची पाठ १९४३ मध्ये पॅसिफिकमधील गस्ती नौकेच्या अपघातानंतर अधिकच बिघडली. १९४४ मध्ये पहिली शस्त्रक्रिया झाली. ऑक्टोबर १९५४ मध्ये न्यूयॉर्क येथे धातूची पट्टी बसवून मणके सांधण्याचा प्रयत्न झाला. जंतुसंसर्ग इतका बळावला की त्यांना अंतिम धर्मसंस्कार देण्याची वेळ आली. पुढच्या फेब्रुवारीत पट्टी काढावी लागली. त्या अंथरुणावरच्या महिन्यांत ‘प्रोफाइल्स इन करेज’ या पुस्तकाचे काम झाले (त्यातला मोठा वाटा सहायक टेड सोरेन्सन यांचा होता), आणि त्याला १९५७ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी पाठीवर आणखी एकदा शस्त्र चालवावे लागले. या सगळ्यानंतरही दुखणे जसेच्या तसे होते.

यापुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. १९५५ पासून जॅनेट ट्रॅव्हेल या डॉक्टर त्यांच्यावर उपचार करू लागल्या. त्या आखडलेल्या स्नायूंच्या गाठींत बधिरीकरणाची इंजेक्शने देत; जगप्रसिद्ध झालेली केनेडींची झुलती खुर्ची ही त्यांचीच शिफारस. केनेडी अध्यक्ष झाल्यावर ट्रॅव्हेल व्हाइट हाउसच्या पहिल्या स्त्री-डॉक्टर ठरल्या. परंतु इंजेक्शनांची संख्या वाढतच गेली, तेव्हा १९६१ च्या शरद ऋतूत हान्स क्राउस यांना पाचारण करण्यात आले. क्राउस ट्रिएस्टमध्ये जन्मलेले, ऑस्ट्रियात शिकलेले, कसलेले गिर्यारोहक. त्यांचे म्हणणे साधे होते: अध्यक्षांचे स्नायू दुर्बळ आणि आखडलेले आहेत, ते ताणले आणि बळकट केले पाहिजेत. आठवड्यातून अनेकदा व्यायाम सुरू झाला आणि हळूहळू केनेडींना पुष्कळ आराम पडला. ज्या देशात शस्त्रकौशल्याचा सर्वोच्च आविष्कार विकत घेता येत होता, त्या देशाच्या अध्यक्षाला अखेर उपयोग झाला तो वाकण्या-ताणण्याचा. कमरेचा पट्टा मात्र सुटला नाही. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्येही तो त्यांच्या अंगावर होता.

क्राउस एकटे नव्हते. न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे १९५६ मध्ये रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टने एका रुग्णाला टेबलावर पालथे पडायला सांगितले. टेबलाचे डोके आधीच्या रुग्णासाठी वर उचललेले होते, हे लक्षात न येता तो गृहस्थ पाठ मागे वाकलेल्या अवस्थेत काही मिनिटे तसाच पडून राहिला आणि उठला तेव्हा पायातली कळ ओसरली होती. तत्कालीन शिकवणीनुसार ती अवस्था घातक मानली जात होती. मॅकेन्झींनी या योगायोगातून स्वतःची पद्धती उभारली आणि १९८० मध्ये रुग्णांनी स्वतःच स्वतःची पाठ कशी सांभाळावी यावर पुस्तक लिहिले. भुजंगासन ठाऊक असलेल्या वाचकाला त्या टेबलाचे फारसे नवल वाटणार नाही.

विश्रांतीचा पुरावा अखेर मागितला गेला तो १९८० नंतर. १९८६ मध्ये रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी २०३ रुग्णांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस अंथरुणात राहायला सांगितले. दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले. बाकी फरक पडला नाही. १९९५ मध्ये हेलसिंकी येथील अभ्यासात तर अंथरुणात न पडता, जमेल तितके नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे सर्वांत लवकर सुधारले. दरम्यान नॉर्वेच्या हेन्रिक वेबर यांनी १९८३ मध्ये चकतीच्या १२६ रुग्णांची दहा वर्षांची हकिकत मांडली होती: वर्षअखेरीस शस्त्रक्रिया झालेले पुढे होते, चौथ्या वर्षी फरक पुसट झाला, दहाव्या वर्षी उरला नाही. आणि १९९४ मध्ये, कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले तेव्हा त्यांतल्या निम्म्याहून अधिकांच्या चकत्या कुठे ना कुठे फुगलेल्या आढळल्या. म्हणजे ज्या छायाचित्रापुढे आपण हात जोडून उभे राहतो ते पुष्कळदा वयाचे छायाचित्र असते, केसांच्या पांढरेपणासारखे.

येथवरचा इतिहास अवयवाचा. त्याला समांतर दुसरा इतिहास वेदनेचा आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला तो अधिक जवळचा वाटावा. कधी काळी कुस्तीच्या आखाड्यात उतरून वैद्यकीय शिक्षणाचा खर्च भागवणारे आणि जन्मभर स्वतः वेदनाग्रस्त असलेले जॉन बोनिका यांनी १९५३ मध्ये वेदनेवर ग्रंथ लिहिला आणि पुढे सिअ‍ॅटल येथे अनेक शाखांच्या तज्ज्ञांना एका रुग्णाभोवती बसवले. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडले की मज्जारज्जूत जणू एक फाटक असते; इजेचा संदेश किती आत सोडायचा हे वरून, मेंदूकडूनही ठरते. वेदना ही इजेची मोजपट्टी नाही, हा विचार येथून दृढ झाला. मेलझॅक पुढे शब्दांकडे वळले. वेदनेसाठी रुग्ण वापरतात ते शब्द त्यांनी गोळा केले, लावले, तोलले, आणि १९७५ मध्ये ७८ शब्दांची, २० गटांत विभागलेली प्रश्नावली सिद्ध केली. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ मध्ये आजारपणावरील निबंधात इंग्रजीच्या वेदनाविषयक दारिद्र्याची तक्रार केली होती. तिला प्रयोगशाळेतून मिळालेले हे अनपेक्षित उत्तर. मराठीत ठणका वेगळा, ठसठस वेगळी. सल वेगळा, शूळ वेगळा. रग, कळ, चमक, मुंग्या, आग या प्रत्येकाचा स्वभाव निराळा. हे भांडार दवाखान्यात मात्र ‘गॅप’ या एका अक्षरजोडीपुढे मुके होते. कळ पायात उतरते की नाही, ती आग आहे की रग, हे निदानाला उपयोगी असते. गॅप हे निदान नव्हेच.

सिअ‍ॅटलमध्येच विल्बर्ट फोर्डाइस या मानसशास्त्रज्ञाने १९७६ च्या ग्रंथात वेदनेच्या वेळापत्रकाला हात घातला. दुखेपर्यंत चालायचे आणि दुखले की थांबायचे, या रीतीत थांबणे हे दुखण्याचे बक्षीस होऊन बसते. त्यांनी सुचवले की चालणे वेदनेच्या हुकमाने न ठरवता घड्याळाने ठरवावे: आज दहा मिनिटे, दुखो वा न दुखो, चार दिवसांनी बारा. बरे वाटते म्हणून तासभर नाही, वाईट वाटते म्हणून शून्य नाही. शस्त्राविना कंबरदुखी सांभाळण्याच्या साऱ्या आधुनिक शास्त्रात याहून व्यवहार्य वाक्य मला आढळलेले नाही. १९८७ मध्ये वॉडेल यांनी या सर्व धाग्यांना एकत्र विणून मांडले की कमरेच्या दुखण्यात शरीर, मन आणि परिस्थिती तिन्ही असतात, आणि स्वतः शस्त्रवैद्य असूनही आपल्या शाखेच्या शंभर वर्षांच्या समजुतीला त्यांनी आव्हान दिले. पुढे २००० मध्ये फ्लायएन आणि लिंटन यांनी भीतीचे चक्र स्पष्ट केले: दुखण्याची भीती, म्हणून हालचाल टाळणे, म्हणून दुर्बळता, म्हणून अधिक दुखणे.

रूपक बदलले तर कंबर बदलेल काय, याची प्रत्यक्ष चाचणी झाली हे फार थोड्यांना ठाऊक असते. ब्रिटनमध्ये १९९६ साली ‘द बॅक बुक’ नावाची एक छोटी पुस्तिका निघाली. तीत शरीररचनेची आकृती, फाटलेल्या चकतीचे चित्र, ‘असे वाकू नका’ची यादी यांतले काहीही नव्हते. कणा हा शरीरातल्या अत्यंत बळकट रचनांपैकी एक आहे, हालचाल त्याला मानवते, दुखणे म्हणजे इजा नव्हे, एवढेच साध्या भाषेत होते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही रुग्णांना ही पुस्तिका आणि काहींना जुन्या वळणाची पुस्तिका देण्यात आली. नव्या पुस्तिकेच्या वाचकांच्या समजुती बदलल्या आणि त्या टिकल्या. एका गद्य लेखनाची दुसऱ्या गद्य लेखनाशी औषधासारखी तुलना होते, हा प्रसंग समीक्षेच्या इतिहासात नोंदवण्याजोगा आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९९७ पासून हाच संदेश दूरचित्रवाणीवर नेला. मोहिमेच्या इंग्रजी नावातच श्लेष होता: आडवे पडून सोसू नका, आणि मुकाट्याने हार मानू नका. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये मोहीम नव्हती, तेथे समजुती होत्या तशाच राहिल्या. व्हिक्टोरियात लोकांच्या आणि डॉक्टरांच्याही समजुती बदलल्या आणि नुकसानभरपाईचे दावे घटले.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी प्रत्यक्ष संबंध येतो तो योगाच्या वाटेने. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधामची स्थापना केली आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढून आसनांना प्रयोगशाळेत आणले. १९३७ मध्ये पुण्यात आलेल्या बी. के. एस. अय्यंगार यांनी दोर, पट्टे, ठोकळे आणि खुर्च्या यांच्या आधाराने आखडलेल्या, दुखऱ्या शरीरालाही आसनापर्यंत पोहोचण्याची सोय केली. मुंबईत १९५२ मध्ये त्यांना भेटलेले व्हायोलिनवादक येहुदी मेन्युइन यांच्यामुळे ही विद्या युरोपात गेली. येथे पट्टा हा शब्द पुन्हा आला, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आले असेल; केनेडींचा पट्टा हालचाल रोखण्यासाठी होता, अय्यंगारांचा ती घडवण्यासाठी. २०११ मध्ये ब्रिटनमध्ये ३१३ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात बारा आठवड्यांच्या योगवर्गानंतर वर्षभर लोकांची कामे करण्याची क्षमता अधिक चांगली राहिली. वेदनेच्या आकड्यात मात्र लक्षणीय फरक नव्हता. योगाचे प्रचारक या दुसऱ्या वाक्यापाशी अडखळतात, आणि टीकाकार पहिल्यापाशी. मला ती दोन्ही वाक्ये एकत्र वाचावीशी वाटतात: दुखणे तेवढेच, पण त्याच्या भोवतालचे आयुष्य मोठे झालेले.

डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकालीन कंबरदुखीच्या शस्त्रक्रियाविरहित उपचारांवर मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिने सुचवले ते समजावून सांगणे, व्यायाम, मालीश वा मणक्यांचे हस्तोपचार, बोधात्मक वर्तनोपचारासारखी मानसशास्त्रीय मदत आणि सूज-वेदना कमी करणारी नेहमीची औषधे. अमेरिकेत १९९० नंतर सढळ हाताने लिहून दिलेल्या आणि हाहाकार माजवणाऱ्या अफूजन्य गोळ्या तिने नाकारल्या. वजने लावणे नाकारले. कमरेचे पट्टेही नाकारले. मूत्र-शौचावरचा ताबा जाणे, जांघेत बधिरता येणे, पायातली शक्ती झपाट्याने कमी होणे, ताप किंवा अकारण घटणारे वजन, पूर्वीचा कर्करोग, ही लक्षणे असतील तर गोष्ट वेगळी. तेथे तातडीने डॉक्टर गाठावा लागतो, आणि कधी शस्त्रही. ती लक्षणे नसतील तर मार्गदर्शिकेचा भर माणसाने पुन्हा हलते होण्यावर आहे.

शब्द बदलले की सारे बदलते, असेही मात्र नव्हे. अमेरिकेत दोन लाखांहून अधिक रुग्णांच्या कमरेच्या तपासणी-अहवालांत एक परिच्छेद मुद्दाम घालण्यात आला: ज्यांना दुखत नाही अशांच्याही छायाचित्रांत हे बदल इतक्या टक्क्यांत आढळतात. २०२० मध्ये निष्कर्ष आला. पुढच्या तपासण्या, इंजेक्शने, शस्त्रक्रिया यांचे एकंदर प्रमाण घटले नाही. अफूजन्य गोळ्या तेवढ्या किंचित कमी लिहिल्या गेल्या. कागदावरचा परिच्छेद माणसाशी बोलत नाही. फोर्डाइस यांचे घड्याळ, क्राउस यांचा व्यायाम, योगवर्गाचे बारा आठवडे, या सर्वांत कोणीतरी समोर बसून वेळ दिलेला आहे, आणि रुग्णापाशीही द्यायला वेळ होता. बीडहून पश्चिम महाराष्ट्रात तोडणीला जाणाऱ्या बाईला ‘जड उचलू नका’ हा जुना सल्ला निरुपयोगी होताच. ‘रोज घड्याळ लावून चाला’ हा नवा सल्ला तरी तिच्या दिवसात कुठे बसवायचा? ती दिवसभर वाकलेलीच असते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढते. संध्याकाळी कोपीवर परतल्यावर ती म्हणते ते वाक्य अजून जुन्याच मराठीत आहे: कंबर धरलीय.